अळणी पेज

मालवण, १० मे २००९

पेज अळणी लागली! अजून हसू आवरत नाही.

उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी खारं होतं, म्हणून या दिवसांत आई पेजेत मीठ घालतच नाही. आज तिने पेज शिजवली ती मी प्रयोगशाळेतून आणलेल्या बाटलीभर पाण्यात. पाणी आमच्याच विहिरीचं, पण माझ्या कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांच्या पडद्यातून थेंब थेंब गाळलेलं. मीठ अडलं, असं यंत्र सांगत होतं. पण यंत्राचं काय, चुकलं असलं तर?

पहिला भुरका मारला. अळणी! मी ओरडलेच.

आई बिचारी ओशाळली. "मीठ घालूक इसारलंय गो!"

विसरली कुठली! भर मे महिन्यात, पेजेसाठी, आमच्या घरात पहिल्यांदाच मिठाची बरणी उघडली.