आईच्या केकमधलं अंडं

शनिवार, संध्याकाळ, लोणखेडा

दोन महिने ही वही उघडायचं टाळलं, निव्वळ आळस. आज घोळ करून ठेवलाय म्हणून लिहितोय. आईच्या पन्नाशीसाठी हे बर्गर-पिझ्झावालं अमेरिकन हॉटेल मीच ठरवलं, इथेच बसलोय. सातला घरचे पंधराजण येतील. आई माळकरी, अंड्याला शिवत नाही. आणि आत्ता आचारी म्हणतो, "केकमा अंडं शे भाऊ. तू कोठे सांगेल व्हतं?" खरंच, बिनअंड्याचा हवा हे सांगायचंच राहिलं. केकसाठी फोन केला तेव्हा मी विसरवाडीला ट्रकवाल्यांशी गप्पांत होतो. केकवर गुलाबी अक्षरांत 'आई'. गप्प बसलो तर कुणाला कळणार? पण तिला फसवून खाऊ घालू? शहाद्याहून दुसरा आणू? ते गुलाबी 'आई' डोळ्यांसमोरून हलत नाही...

रिक्षा थांबली. आईच! एकटी, तासभर आधी. मदतीला आलीय म्हणे, दारातूनच ओरडतेय, "मदतले उनू रे, तू काही ना काही इसरशी!"