नात्यांच्या यादीत मामी नव्हती

चाकण

तीर्थरूप उद्धवमामांच्या पायी भाचा नवनाथचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामींचा रक्तदाब आता कसा आहे ते कळवावं. पुढचा मजकूर मामींना वाचून दाखवण्याआधी तुम्ही एकटे वाचा, आणि बसून वाचा (गुडघ्यासाठी आणि मजकुरासाठीही).

मामा, आमच्या कंपनीच्या नोंदीत तुमची बायको माझी बायको आहे. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा खोडलं, पण याहून सभ्य शब्दांत ते बसत नाही.

झालं असं, की कुणीतरी कंपनीच्या कॉम्प्युटरात घुसून सगळ्या कामगारांची माहिती चोरली आणि मोबाइलवर सोडून दिली. आधार, बँकेचं खातं, रक्तगट, बुटाचं माप, सगळं. मी बँकेचा पासवर्ड बदलला आणि सुटलो असं समजलो (बुटाचं माप बदलता येत नाही). दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये शेजारच्या मशीनवरच्या ऋतिकने ती यादी उघडली आणि म्हणाला, "भावा, वहिनी अठ्ठावन्न वर्षांच्या? कधी बोलला नाहीस."

भरतीच्या वेळी विम्याच्या वारसाच्या जागी मी मामींचं नाव दिलं होतं. आई गेल्यावर ज्यांनी वाढवलं त्यांचंच देणार, दुसरं कुणाचं? पण ऑफिसातल्या करिष्मा मॅडमच्या कॉम्प्युटरमध्ये नात्यांची जी यादी उघडते, तिच्यात मामीच नाही. आई, वडील, पती, पत्नी, मुलगा, मुलगी, संपलं (ज्याने ती बनवली त्याला आजोळ नसावं). 'आई' दाबलं तर यंत्र म्हणे, आईची नोंद आधीच आहे, मयत. मग मॅडमनी 'पत्नी' दाबलं आणि यंत्राने मला परस्पर विवाहित करून टाकलं.

इथवर मी सोसलं असतं. पण ती यादी हर्षालीच्या वडिलांच्या मोबाइलवरही पोचली. मुरारीकाका शेती सांभाळून आमच्या समोरच्याच कंपनीत कामाला आहेत, आणि साखरपुडा तोंडावर आलाय हे तुम्ही जाणताच. त्यांनी मला गेटवर गाठलं. "लगीन लपिवलं, ते येकवेळ समजू," ते हळू आवाजात म्हणाले, "पर तिच्या नावाफुडं उद्धव कोन? पावणं, तुमी दुसऱ्याची बायकू आणलीया व्हय?" मी घाईघाईने सांगितलं, उद्धव माझे मामा. त्यावर ते टपरीच्या बाकावर मटकन बसले.

मग पिंपरीत वकील नानासाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, कंपनीकडे लेखी मागता येतं, की माझं काय काय गेलं ते सांगा आणि चुकीची नोंद दुरुस्त करा. सायबर पोलिसांत तक्रार देता येते (दिली, हवालदारसाहेब पत्नीचं वय वाचून माझ्याकडे बराच वेळ बघत होते). नव्या कायद्यात कंपनीला मोठा दंड आहे, पण तो सरकारजमा होतो, आणि त्यातली बरीच कलमं अजून लागू व्हायची आहेत. जुन्या कायद्याने भरपाई मागता येते, पण नुकसान दाखवावं लागतं. "सोयरीक मोडली, असं मुलीचे वडील लिहून देतील का? मग केस मजबूत होईल." मी विचारलं, आणि नाही मोडली तर? "मग तुमचं नुकसान काय झालं?" मामा, मी फी देऊन उठलो. मला केस मजबूत नको, हर्षाली हवी आहे.

मॅडम म्हणतात, मामींचं नावच काढून टाका, प्रश्न मिटेल. ते मात्र मी करणार नाही.

तुमचा आणि मामींचा,
नवनाथ

ता. क. खरं काम असं, की रविवारी मामींना घेऊन इकडे या. मुरारीकाका म्हणतात, दोघं शेजारी बसलेले दिसले की त्यांचं समाधान होईल. लग्नातला फोटो आणा. मामी नेहमीसारख्या तुमच्यावर ओरडल्या तर आवरू नका, त्याहून मोठा पुरावा नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवताना मॅडमचा फोन आला. नोंद दुरुस्तीचा जो अर्ज मी दिला होता तो मंजूर झाला, पण एकदा विवाहित झालेल्याला यंत्र पुन्हा अविवाहित करत नाही. विधुर किंवा घटस्फोटित, दोनच पर्याय आहेत, आणि मॅडमना लगेच उत्तर हवं होतं. मामींना उदंड आयुष्य लाभावं म्हणून मी घटस्फोटित सांगितलं. तेव्हा रविवारऐवजी शनिवारीच या, ही नवी यादी चोरीला जायच्या आत.