लक्ष्मीबाईच्या खुर्च्या

३ मार्च

झाली! पोरगी झाली! वसमतच्या दवाखान्यात, सकाळी. नाक बराबर आमच्या प्रेमानंदचं — चपटं. नर्सबाई म्हणे, "आजी, सरका जरा, लेकराला वारा लागू द्या." सरकते काहून? आजी मी हाय!

बापाला फोनात दाखवली. तो तिकडं मस्कतला. हसला, मग तोंड बाजूला केलं त्यानं.

६ मार्च

पोरगी झोपली, म्हणून लिहून राहिले. झोपेतबी ओठ हलवती. काय बोलत असंल बाई कुणाशी!

तर प्रेमानंदचं. त्याचा मालक कंपनीला कुलूप लावून पळाला. दिवाळीच्या आधीच. पासपोर्टबी नेला मेल्यानं. काम न्हाई, पगार न्हाई, एका खोलीत मेंढरावानी पोरं. "आमी आमच्या मर्जीनं घरी जातो" म्हणून सगळ्यांनी तिथल्या आपल्या वकिलातीत लिहून दिलं. ज्याच्यापाशी काहीच न्हाई त्याला सरकार तिकीट देतं म्हणे. पण आधी घरी चौकशी — तिकीट घरच्यांना झेपतं का, ते बघाया सायब येणार.

सायब! आमच्या घरी!

११ मार्च

सायब येऊन गेला. असा पाहुणचार केला की गल्ली बघत राहिली! शेजारच्या लक्ष्मीबाईच्या दोन मोठ्या खुर्च्या आणल्या, तिचाच पंखा. कपबशा आशाबाईच्या. भरपूर तूप घालून शिरा केला. सूनबाईला, आकांक्षाला, लग्नातली साडी नेसवली. आकांक्षा म्हणे, "आत्याबाई, कशाला एवढं?" म्हणलं, "सरकार दारात येऊन राहिलं, गोणपाटावर बसवू?"

सायब सभ्य हाय. शिरा दोनदा घेतला. पोरीनं त्याच्या मांडीवर मुतलं तरी हसला. "कसं चाललंय आजी?" म्हणे. "समदं बरं हाय, काई तकलीफ न्हाई," म्हणलं. परक्या माणसाला दुसरं काय सांगावं?

२४ मार्च

तिकिटाच्या यादीत प्रेमानंदचं नाव न्हाई! त्याच्या खोलीतल्या रूपसिंगला तिकीट आलं. कळमनुरीकडचा हाय तो. आमच्याला न्हाई!

हापिसात गेले. सायबानं लिहिलंय — घरची परिस्थिती चांगली.

"सायब, त्या खुर्च्या लक्ष्मीबाईच्या व्हत्या! पाठीवर तिचं नाव रंगवलंय!"

"आजी, मी खुर्चीवर बसलो होतो. पाठ मला कशी दिसणार?"

आता याला काय म्हणावं!

२८ मार्च

पुन्हा गेले. सायब मिटिंगला. उद्या या.

२९ मार्च

उद्या या.

घरी आले तर लक्ष्मीबाई दारातच — "काय गं, माझ्या खुर्च्यांनी तुझं पोरगं अडवलं व्हय?" गल्लीभर हसल्या बाया. मला रडू आलं तवा गप झाली. म्हणे, "मी येते उद्या. खुर्ची डोक्यावर घेऊन येते!"

३० मार्च

अन् आली बी! खुर्चीवरचं नाव बघून सायब म्हणे, पुन्हा घरी येऊन बघतो.

४ एप्रिल

सायब दुसऱ्यांदा आला. गोणपाट टाकलं. चहा ठेवायचा न्हाई, शपथ घातली व्हती आकांक्षानं. माझे हात सारखे चुलीकडं. पाणी तेवढं दिलं — पाणी बी न देऊ? उठताना म्हणतो, "आज शिरा नाही का आजी?" जीव गेला माझा. उभ्या जन्मात माणूस असा कोरडा न्हाई गेला या दारातून.

पोरीला ओव्यानं शेकलं. पोट दुखतं तिचं.

११ एप्रिल

सायबानं घरचा नवा कागद पाठवला, तरी तिकीट न्हाई! रूपसिंग घरी आलाय, त्यानं आज येऊन सांगितलं. म्हणे वकिलातीची माणसं खोलीवर आली, एकेकाला विचारलं, जेवलास का, काही लागतं का. आमचा म्हणाला, "जेवलो सर. ठीक आहे सर."

"जेवला कुठं काकू! आदल्या दिवशीपासून चहावर व्हता."

असा राग आला! फोन लावला. "काहून असं बोललास रे?"

म्हणे, "माय, परक्या माणसाला कसं सांगावं?"

मला शिऱ्याची ताटली आठवली.

मग म्हणलं, "उद्या जा. सांग, उपाशी हाय. आत्ता मला म्हणून दाखव."

फोन ठेवला त्यानं.

१४ एप्रिल

जयंती. पोरीला पांढरं झबलं, निळी टोपी. मिरवणुकीत ढोल वाजले तरी डोळा उघडला न्हाई पठ्ठीनं! सगळे इचारतात, नाव काय. म्हणलं, बाप आल्याबिगर नाव न्हाई. जयंतीला तरी येईल वाटलं व्हतं.

२२ एप्रिल

काहीच न्हाई.

२ मे

तिकीट मिळालं शेवटी! प्रेमानंद दारात उभा. नुसती हाडं. लेक त्याच्या हातात दिली. ती भोकाड पसरून रडली, तरी त्याला सोडवंना.

मी आपलं इचारलं, "जेवलास का?"

"न्हाई माय. भूक लागलीय."