सव्वानऊची हजेरी

प्रिय मास्तर,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस ना? मग घाबरू नकोस, कॉम्प्युटरवरची माझी यादीची शीट बंद पडलेली नाही. तुझी बहीण गेल्या आठवड्यात खालच्या दुकानात चष्मा न्यायला आली होती, तिच्याकडून पत्ता घेतला. पत्ता देताना ती उगाचच म्हणाली, की तू अजून एकटाच जेवतोस, आणि तेही उभ्या उभ्या. बसून जेवत जा रे बाबा.

इथलं सगळं आहे तसंच आहे. भिंगं घासायची यंत्रं तशीच किरकिरतात, माझ्या टेबलावर पांढरी धूळ तशीच बसते, आणि सव्वानऊला दिवसभराच्या चष्म्यांच्या नंबरांची यादी हातात पडली नाही तर घासणारे काका तसेच डोक्यावर येऊन बसतात. सुरुवातीला ती यादी काढायची म्हणजे काय दिव्य होतं, आठवतं? शीट उघडली की ऑर्डरींचा डेटाबेस पासवर्ड मागायचा, मग भिंगांच्या साठ्याचा मागायचा, मग दुकानाचा. तीनदा चुकला की माझ्या खात्याला कुलूप! मग मी जिन्यातून तुला हाक मारायचे आणि तू हातातला चहा तसाच टाकून वर यायचास. शेजारच्या खुर्चीत बसून कुलूप काढायचास आणि मला चिडवायचास, उघडली का आज तक्रारवही? त्या पाच मिनिटांसाठी मी घरून केस नीट विंचरून निघायचे, हे तुला कधी कळलंच नाही.

आता खरं सांगते. पासवर्ड मला पहिल्याच आठवड्यात पाठ झाला होता. मी मुद्दाम चुकवायचे.

आणि तू काय केलंस? तुला माझी दया आली! दोन दिवस मान खाली घालून कोड लिहिलास. शीट उघडली की तिन्ही ठिकाणी तो आपोआप पासवर्ड भरणार, बंद केली की पुसून टाकणार. मोठ्या कौतुकानं दाखवलंस, बघ, आता मला हाक मारावी लागणार नाही. मी टाळ्या वाजवल्या. घरी जाऊन आईवर चिडले, कारण समोर दुसरं कोणी नव्हतं. आई तुला अजून 'तो पासवर्डवाला' म्हणते. त्यानंतर तुझं वर येणंच थांबलं, आणि तीन महिन्यांत तू ती लांबची नोकरी धरलीस.

या सोमवारी गंमत झाली. तुझ्या जागी आलेल्या कॉम्प्युटरच्या नव्या बाईंनी नोंदी तपासल्या, तर दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेला माणूस रोज सव्वानऊला हजर! माझ्या खात्याला सारखं कुलूप लागायचं, म्हणून तू कोडमध्ये तुझंच खातं घातलं होतंस, आणि ते बंद करायचं कोणाला सुचलंच नव्हतं. बाई कपाळाला हात लावून बसल्या. मला हसावं की रडावं कळेना. दोन वर्षं माझी शीट रोज सकाळी तुझ्या नावानं उघडत होती आणि मला पत्ताच नाही. शुक्रवारी हे खातं बंद करते, त्याआधी कोड बदला, बाई म्हणाल्या. येत नसेल तर ज्यानं लिहिला त्यालाच फोन लावा.

आयतं कारण मिळालं होतं. फोन हातात घेतलाही. पण तू सगळं नीट समजावलं असतंस, मी हो हो म्हटलं असतं, आणि फोन ठेवल्यावर पुन्हा होते तिथेच राहिले असते. म्हणून एकटीच कोड उघडून बसले. दोन दुपारी गेल्या. तुझं नाव तीन ठिकाणी होतं. पहिली दोन खोडली, तिसऱ्यापाशी डोळे भरून आले. काकांना वाटलं, धूळ गेली. आज सव्वानऊला यादी निघाली, माझ्या नावानं, एकही चूक न होता.

म्हणजे आता तुझ्याकडे माझं काहीही काम उरलेलं नाही. मला तेच हवं होतं. काम काढून मी तुला शंभर वेळा हाक मारली असेल, नुसती कधी मारली नाही. शेवटच्या दिवशी तू जिन्यात थांबून विचारलंस, आता काही अडचण नाही ना? आणि मी शहाण्यासारखं म्हटलं, नाही, सगळं छान चाललंय. तरी तू थोडा वेळ तिथेच उभा होतास. अडचण आहे रे. तेव्हाही होती. मला तुझ्याशिवाय करमत नाही. ये.

तुझीच,
तक्रारवही