शनिवारचे आकडे

पांढुर्णा,
दि. ९ फेब्रुवारी १९८६

चि. वंदूस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. बाबांचा खोकला कमी झाला आहे. तिगावच्या संत्र्याच्या बागेत आंबिया बहार चांगला फुटला. माझ्या कॉलेजात प्रॅक्टिकल परीक्षा सुरू आहेत. तुझी वहिनी जामसांवलीच्या मारुतीला जाऊन तुझ्या प्रबंधासाठी नारळ फोडून आली.

प्रबंध दोनदा वाचला. मांडणी स्वच्छ आहे. टायपिस्टनं दोन तक्ते उलटसुलट लावलेत, तेवढे बघ.

आता सत्त्याऐंशीव्या पानावरची तळटीप. चौदा वर्षांपूर्वी मी तुझ्याच प्रयोगशाळेत होतो, तेव्हा तुझ्या प्रबंधातली हीच सच्छिद्र माती मला सौम्य आम्लधर्मी आढळली. तुला ती तीव्र आढळली. हा फरक ‘नमुना वेगळा असल्यामुळे’, असं तू लिहिलंस. वंदू, तू वापरलीस ती बरणी माझीच. झाकणावर माझं अक्षर आहे, आणि ते तू ओळखतेस.

हे तुझ्या वहिनीला सांगितलं. भाजी चिरता चिरता म्हणाली, “पोरगी तुमच्यासाठी खोटं लिहून राहिली, अन् तुम्ही टायपिस्टच्या चुका काढून राहिले?”

“चहा ठेव,” मी म्हटलं.

“ठेवते. पत्र लिहा आधी.”

तर लिहितो. नळीत माती भरली की नायट्रोजन सोडत ती रात्रभर तापवायची. मगच ईथरची वाफ सोडून, माती तिला किती वेळ धरून ठेवते ते मोजायचं. जितकी जास्त धरेल, तितकी आम्लधर्मी. हे तुला मीच शिकवलं. शनिवारी मात्र मी दोनच तास तापवून आकडे घेत असे. मातीतल्या ओलीनं आम्लाच्या जागा अडवलेल्या असायच्या आणि ईथर लवकर बाहेर पडायचं. शनिवारचे आकडे वेगळे पडतात हे वहीत दिसत होतं. मी सगळ्यांची सरासरी काढली.

कशाची घाई होती, हे तीनदा लिहून खोडलं. त्याच वर्षी आई गेली, तू दहाची होतीस. शनिवारची पॅसेंजर येईपर्यंत फलाटावरून हलत नव्हतीस, मी उतरल्याशिवाय जेवत नव्हतीस. हे सांगतोय ते तुझ्यावर ढकलण्यासाठी नव्हे. गाडी पकडली ते बरोबरच होतं, आजही पकडेन. पण त्या दिवसाचे आकडे टाकून द्यायला हवे होते, ते मी ठेवले. एवढी चूक माझी एकट्याची आहे. कसली तरी फेड म्हणून ती झाकू नकोस. आणि खरं सांगू? तू झाकलीस तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं होतं. त्याचीच लाज जास्त वाटते.

सोबत वहीतली शनिवारची पानं आणि तुझ्या सरांना लिहिलेलं पत्र आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. तू वाच आणि चोवीस तारखेला प्रबंध देण्याआधी त्यांच्या हातात दे. ती तळटीप काढ. तिथं लिही की आधीचं मोजमाप चुकलं होतं. कोणाचं, तेही लिही, पूर्ण नावानिशी.

तुझ्या आकड्यांच्या बाजूचा,
दादा