माझं चांगलं अक्षर

३ जुलै २००९
पेपरात पहिल्याच पानावर! दिल्लीच्या हायकोर्टानं सांगितलं— आमच्यासारखी माणसं गुन्हेगार नाहीत. चहा निवला तरी वाचतच होते. नलू डबा भरत होती. "मंग? कोर्टानं सांगतलं म्हून देवकाबाई आयकन काय?" म्हणाली आणि तहसील ऑफिसला निघाली. पण दारात वळून हसली.
अकरा वर्षं झाली देवकाबाईंच्या या वरच्या खोल्यांत. खाली सगळ्यांना आम्ही मावसबहिणी.

६ जुलै
टीव्हीवर महाराज, मौलवी, पाद्री एका रांगेत! एरवी एकमेकांच्या मिरवणुका रस्त्यानं जाऊ देत नाहीत. एकी झाली ती आमच्यावरून. पुढारी गप्प. इलेक्शन तोंडावर ना!

११ जुलै
देवळात कीर्तन. महाराज म्हणाले, आता पोरी पोरींशी लग्नं लावतील. अहो, निकालात लग्नाचा शब्द नाही! असता तर पहिली पत्रिका मी छापली असती. पुढच्या ओळीत दोन्ही पक्षांचे इच्छुक मांडीला मांडी लावून. त्यात देवकाबाईंचा मुलगा धनंजयही. त्याला तिकीट पाहिजे. मी उठणार होते, नलूनं हात दाबला.

१४ जुलै
धनंजय वर आला. "मॅडम, एक निवेदन लिवून द्या ना. दिल्लीले धाडाचं हाये. अशा लग्नाले कायद्यानं कधीच मान्यता देऊ नोका, असं. तुमच्यासारखं अक्षर अख्ख्या सिंदी मेघेत नाई." मागं देवकाबाई, हातात गरम भज्यांची बशी.
नाही म्हटलं असतं तर "काऊन?" आलंच असतं. आणि का ते सांगितलं की खोल्या गेल्याच.
लिहिलं. मुद्दाम गिचमिड करायचं ठरवलं होतं. मेला हात ऐकेना! सगळं शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखं. "आमच्या धर्माला व संस्कृतीला कलंक." हे मी लिहिलं. शाई वाळावी म्हणून फुंकरही मारली.
नलूला बोलले नाही. दिल्लीत कुठल्या तरी टोपलीत पडेल. तिला कशाला त्रास!

१५ जुलै
सांगायला हवं होतं. उद्या सांगेन.

२० जुलै
धनंजयला पेपरात फोटो हवा होता. म्हणून ते निवेदन पोस्टानं न धाडता मोर्चा काढून तहसीलवर नेलं! शाळेतून आले तर देवकाबाई कौतुकानं सांगत होत्या. आवकच्या टेबलावर नलू बसते. आलेला प्रत्येक कागद तिच्या हातून जातो— शिक्का, नंबर, तारीख.
नलू रोजच्या वेळेला आली. भाजी निवडायला बसली. मी म्हटलं, "नलू..."
"चारशे सह्या होत्या. मी एकबी नाई पाह्यली. अक्षरच पाहत राह्यली."

२१ जुलै
नलू आज फक्त स्वतःचा डबा भरून गेली.

२३ जुलै
आज मीच भांडले. खोल्या गेल्या असत्या म्हटलं, नोकरी गेली असती म्हटलं. धनंजयला, महाराजांना, सगळ्यांना शिव्या घातल्या. ती डबा घासत होती. मग एवढंच बोलली— "सह्या करनाऱ्याइले मी ओयखत नाई. तुले ओयखतो असं वाटे."
महाराजांवर चिडणं किती सोपं होतं!

२७ जुलै
नलूनं कोरा कागद पुढं ठेवला. इथून लांब आष्टीला तिच्या बदलीचा अर्ज लिहायचा. "हाबी तूच लिव. तुह्यं अक्षर चांगलं हाये."
लिहायला घेतला. दुसऱ्याच ओळीत अक्षर बिघडलं.
तिनं दुसरा कागद दिला.