उमेशचा अर्धा इंच

राजपुरा, बुरहानपूर
दि. ४ ऑगस्ट २०२४

चि. तेजस्विनीस,
अ. उ. आ. वि. वि.

फोनच्या जमान्यात काका कागद काळे करतोय म्हणून हसू नकोस. आमच्याकडे फोन वाजला की तुझे पप्पा तो स्पीकरवर टाकतात आणि माझ्या आधी तेच उत्तर देतात. पत्र स्पीकरवर टाकता येत नाही. शिवाय एकतीस वर्षं नेपानगरच्या कागद कारखान्यात काढली, मला कागदाची लाज कसली?

मुद्द्याचं लिहितो. मला आपली २००६ची वॅगन आर खाली बसवायची आहे. तू पुण्यात दिवसभर गाड्यांच्या स्प्रिंगाच तपासतेस, तेव्हा कोणतं सस्पेन्शन घ्यावं ते तूच सांग. उमेश म्हणतो, बसकी गाडी लफंग्या पोरांची असते. चौसष्टाव्या वर्षी लफंगा व्हायला माझी काहीच हरकत नाही.

स्कूटरवरून पडून माझे पाय गेले त्याला पाच वर्षं झाली. हात मात्र शाबूत आहेत. तुझी काकू अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकली आणि उमेशपेक्षा बरी चालवते. अडतं ते एकाच जागी. चाकाच्या खुर्चीतून गाडीच्या सीटवर मला कोणीतरी उचलून ठेवावं लागतं. तो कोणीतरी म्हणजे आमचा उमेश, तुझे पप्पा. केळीचा घड घ्यावा तसा मला खांद्यावर घेतात आणि गल्ली दारात येऊन बघते. करतो प्रेमाने, त्याबद्दल वाद नाही. पण त्याला वेळ असेल तेव्हाच मला जग आहे.

गेल्या कार्तिकात माझा मित्र विनायक गेला. आम्ही तीस वर्षं एकाच मशीनवर होतो. आठ दिवस दवाखान्यात होता आणि रोज माझी वाट बघत होता, असं त्याच्या घरच्या सुमनवहिनी सांगतात. इकडे उमेशच्या केळीच्या गाड्या भरायच्या होत्या, म्हणून उद्या जाऊ, परवा जाऊ चाललं होतं. मी पोचलो तो दहाव्याला. तेजू, हे मी विसरणार नाही. त्याचं वर्षश्राद्ध १० नोव्हेंबरला नेपानगरला आहे. त्या दिवशी मी जाणार, आणि मला कोणीही उचलणार नाही.

सागाची एक गुळगुळीत फळी करून घेतली आहे. एक टोक खुर्चीवर, दुसरं पलंगावर ठेवून मी आपला आपण सरकतो. गाडीच्या सीटला लावली की मात्र फळीला चढ येतो आणि मी अर्ध्यात अडकतो. म्हणून गाडीच खाली आली पाहिजे. ललित मिस्त्री म्हणतो, स्प्रिंगचे दीड वेटोळे कापू, तासाभराचं काम. त्याला हो म्हणू का?

आपल्या पप्पांना यातलं अक्षर सांगू नकोस. काकू तुला जेवत जा म्हणते.

तुझा,
रामदासकाका


पिंपरी, पुणे
दि. १३ ऑगस्ट २०२४

ती. स्व. रामदासकाकांस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

ललितभाऊंना आधी करवत खाली ठेवायला सांगा! कापलेली स्प्रिंग आपल्या जागेवर नीट बसत नाही. खड्ड्यात चाक लोंबलं की ती निसटू शकते, आणि जुना शॉकअप तिच्या मानाने लांब पडतो तो वेगळाच. गल्लीत बघायला लोक येतात म्हणता, तो तमाशा याहून मोठा होईल.

दुसरा मार्ग म्हणजे चकती फिरवून हवी तेवढी खाली-वर करता येणारी सस्पेन्शनं. इथली पोरं त्यांवर जीव टाकतात. पण ती दगडासारखी कडक असतात. काका, तुम्हाला कमरेखाली कळत नाही. अशा गाडीत बसून जखम झाली तर ती कळायलाच आठ दिवस जातील. ते मी घेऊ देणार नाही, मग तुम्ही कितीही रागवा.

तिसरा मार्ग मला पटतो. मुळातच आखूड घडवलेल्या स्प्रिंगा आणि त्यांच्या जोडीचे आखूड शॉकअप. गाडी खाली येते आणि चाल बरीचशी पहिल्यासारखी राहते. सीटच का खाली घेत नाही, असं काकू विचारतील. सीटखाली रूळ आहेत, तिथे बोटभरही जागा नाही.

आता मापं पाठवा. गाडी सपाट जागेवर, चाकांत हवा पूर्ण. तुम्ही बसलेले असताना खुर्चीची उंची, आणि गाडीच्या सीटची उंची. रस्त्यातले गतिरोधकही मोजायला हवेत, नाहीतर गाडी खाली येईल आणि पहिल्याच उंचवट्यावर पोट घासून बसेल.

पप्पांचा रोज फोन येतो आणि मी हवापाण्याचं बोलते. माझ्याच बापाविरुद्ध कट करताना मला इतकी मजा येईल असं वाटलं नव्हतं.

आपली माया आहेच, ओरडणंही चालू राहू द्यावं.

आपली,
तेजू


राजपुरा, बुरहानपूर
दि. १ सप्टेंबर २०२४

चि. तेजूस,
अ. उ. आ.

मापं घेतली. खुर्ची वीस इंच. गाडीची सीट साडेएकवीस. तीनदा मोजली, कारखान्यात कागदाची जाडीसुद्धा आम्ही तीनदाच मोजायचो. टेप काकूने धरला, आकडे मी लिहिले. मध्येच तुझे पप्पा आले. स्टिअरिंगपुढे बसले, एसी लावला आणि सगळं होईपर्यंत आमची गंमत बघत राहिले. म्हणाले, दादा, तू आवाज दे ना, मी आहे ना. मी आहे ना, हेच तर दुखणं आहे. त्याला ते कळत नाही आणि मला ते त्याच्या तोंडावर बोलवत नाही.

गतिरोधकांची कामगिरी काकूने एकटीने पार पाडली. गाडी बाजूला लावायची, काठी आडवी धरायची, पट्टीने मोजायचं. राजपुऱ्यापासून नेपानगरपर्यंत अकरा निघाले. सगळ्यांत उंच आपल्या वेशीच्या दरवाज्याजवळचा, सव्वाचार इंच. तिथे लोकांना वाटलं ही नगर निगमवाली, पालिकेची बाई आहे. दोघांनी तिला आपापल्या नाल्या दाखवल्या आणि एका म्हातारीने नळाला पाणी येत नाही म्हणून चांगलंच झापलं. काकूने सगळ्यांची नावं लिहून घेतली. मी विचारलं, कशाला? तर म्हणाली, त्यांना बरं वाटलं.

लवकर कळव. दिवस जात आहेत.

तुझा,
काका


पिंपरी, पुणे
दि. १२ सप्टेंबर २०२४

ती. स्व. काकांस,
शि. सा. न.

काकूंना माझा खास नमस्कार सांगा. आमच्या वर्कशॉपमध्ये त्यांच्यासाठी जागा आहे.

तुमच्या मापांत दीड इंचाचा फरक येतो. बरोबर दीड इंच खाली आणणाऱ्या स्प्रिंगा आणि जोडीचे शॉकअप आजच पार्सलने रवाना केले. दरवाज्याजवळच्या गतिरोधकावर गाडी तिरकी आणि सावकाश काढा, बाकी दहा सरळ निघतील. ललितभाऊंनी बसवल्यावर चाकांचं अलाइनमेंट करून घ्या आणि आर.टी.ओ.त रीतसर नोंद करा. चोरीचं काम करायचं नाही, उघड्यावर करायचं.

तुमच्या फळीला आता चढ राहणार नाही. ही माझी जबान.

आपली,
तेजू


राजपुरा, बुरहानपूर
दि. १३ ऑक्टोबर २०२४

चि. तेजस्विनीस,
आशीर्वाद.

तुझी जबान खोटी ठरली. काल दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला, फळी लावली आणि सरकायला लागलो. पहिल्यापेक्षा पुष्कळ पुढे गेलो, खोटं कशाला बोलू. पण शेवटी चढ आहेच. तिथे हातांचं बळ सरलं. पुढे जाता येईना, मागे येता येईना. काकूने धरून ठेवलं म्हणून पडलो नाही.

सोनं द्यायला उमेश आला होता. त्याने हातातली आपट्याची पानं खिशात घातली, मला उचललं आणि सीटवर ठेवलं. हसला असता तर मी भांडलो तरी असतो. मला रडू आलं आणि ते त्याने पाहिलं, याचा राग सगळ्यांत जास्त आहे.

मग म्हणाला, जुन्या स्प्रिंगा परत लावू, दादा. मी नाही म्हटलं. तुझं गणित चुकलं असेल तर ते दुरुस्त कर. पण गाडी आता वर जाणार नाही आणि मीही मागे येणार नाही.

काका


पिंपरी, पुणे
दि. १९ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आल्यापासून माझं जेवणात लक्ष नव्हतं. आकडे चार वेळा तपासले, चूक सापडेना. मग तुमचं मापांचं पत्र पुन्हा काढलं आणि कपाळावर हात मारला. मोजताना पप्पा गाडीत बसले होते!

काका, पप्पा पंच्याण्णव किलो आहेत. ते बसले की तुमची छोटी गाडी अर्धा इंच दबते. सीट साडेएकवीस नाहीच, बावीस आहे. आमच्याकडे मोजताना कोणी गाडीला नुसता टेकला तरी मी ओरडते, आणि तुम्ही स्पष्ट लिहिलेलं असून मी ते वाचून नुसती हसले. चूक माझी आहे, तुमच्या हातांची नाही.

म्हणजे तुम्हाला अडवतोय तो अर्धा इंच पप्पांचा आहे. त्यांच्याशिवाय जायचं म्हणून गाडी खाली घेतली आणि माप त्यांना धरून घेतलं!

आता स्प्रिंगांना हात लावू नका. काकूंची एखादी जाड गोधडी नीट घडी करून खुर्चीवर अंथरा, वर तुमची नेहमीची गादी. बसल्यावर अर्धा इंच उंची वाढली पाहिजे. फळी सपाट होईल. रोज सराव करा आणि गाडीत कोणालाही बसू देऊ नका.

रागावला असाल तरी पत्र पाठवा, कोरं चालेल.

आपली,
तेजू


राजपुरा, बुरहानपूर
दि. १० नोव्हेंबर २०२४

चि. तेजू,
आशीर्वाद.

तुझा पप्पा पत्र लिहितोय म्हणून घाबरू नको, सगळे ठीक आहेत. फोनवर हे बोलणं जमलं नसतं. बापाला न सांगता तू काय काय केलं ते मला आज कळलं. दिवाळीत घरी आली तेव्हा पण गप्प राहिली. त्याबद्दल नंतर बघू.

मी आज सकाळी साडेआठला दादाकडे गेलो. केळीची गाडी अर्धी भरलेली सोडून गेलो. म्हटलं, आज विनायकदादाचं वर्षश्राद्ध, आज उशीर करायचा नाही. तर इकडे वेगळंच. सुमित्रावहिनीने दिवाळीच्या आवराआवरीत राहिलेली गोधडी काल धुवून टाकलेली. गोधडी दोरीवर ओलीगच्च आणि दुसरी त्या जाडीची घरात नाही. रोज सराव त्याच गोधडीवर झालेला. वहिनीच्या डोळ्यांत पाणी. मी बाह्या सरकवून पुढे झालो, तर दादाने मला हात मागे घ्यायला सांगितलं. गल्लीत सगळ्यांसमोर, कारखान्यात ओरडायचा त्या आवाजात.

मग म्हणाला, स्टिअरिंगपुढे जाऊन बस. मला वाटलं चला, निदान गाडी तरी मीच नेणार. बसलो. चावीला हात घातला तर चावी वहिनीकडे. दादाने फळी लावली. एकदा हात टेकले आणि सरकला. थांबला. परत सरकला. मी शेजारी बसलेला, त्याच्या हाताच्या शिरा मला दिसत होत्या आणि माझे हात मी मांडीखाली दाबून धरले होते. चौथ्या खेपेला तो सीटवर आला. मग स्वतःच्या हाताने एकेक पाय उचलून आत घेतला. शेजारच्या दाराशी उभी असलेली सरुबाई टाळ्या वाजवायला लागली, तर दादाने तिलाही गप्प केलं.

मी काही बोलणार तेवढ्यात म्हणाला, आता उतर, ती जागा सुमित्राची आहे.

मी उतरलो. गाडी अर्धा इंच वर आली. मी पाहिलं, तेजू.

वहिनीने खुर्ची घडी करून डिक्कीत टाकली आणि दोघं गेली. मी कोपऱ्यापर्यंत मागे चालत गेलो. दरवाज्याजवळच्या गतिरोधकावर गाडी तिरकी काढली वहिनीने, पोट घासल्याचा आवाज आला नाही.

विनायकदादाच्या वेळी मी उद्या उद्या केलं. त्याबद्दल दादा मला आजपर्यंत एका शब्दाने बोलला नाही. तुला मात्र त्याने लिहिलं होतं, हे वहिनीने आज निघताना सांगितलं. मला फार लागलं. उचलतो म्हणजे सगळं करतो, असं मी धरून चाललो होतो.

दुकानात मन लागेना म्हणून दुपारी परत त्यांच्याकडे आलो. अजून ती दोघं आलेली नाहीत. गोधडी एका बाजूने वाळली होती. मी ती उलटी करून उन्हात टाकली आहे आणि इथेच ओट्यावर बसलोय, ती पूर्ण वाळेपर्यंत.

माझ्यावर राग असेल तर तो पत्रात लिही, मीही आता वाचतो.

तुझा,
पप्पा